दुपारपुरत्या सरपंच

सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं आणि आमच्या घरातून सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं लहानपण मेंढरांमागं फिरण्यात गेलं, शाळा अशी झालीच नाही. प्रचारात मात्र त्यांनी न्हावऱ्याजवळच्या आमच्या गावातलं एकही घर सोडलं नाही. समोर होती भावकीतलीच त्यांची धाकटी जाऊ. दोघींचं आडनाव एक, नावही एक. फरक काय तो नवऱ्याच्या नावाचा.

मतमोजणी शिरूरला होती. माझे मिस्टर आमच्या बाजूनं आत बसले होते. मी कारेगावच्या कंपनीत रजा टाकून घरी थांबले होते. जेवणं उरकत होती, तेवढ्यात शेजारचे मामा मोबाइल नाचवत आले. "आलो निवडून! चॅनेलवर आलं बघा!"

मोबाइलवरच चालणारं ते बातम्यांचं चॅनेल. आत्यांचा बॅनरवरचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'विजयी'.

मग कोण कुणाचं ऐकतंय! गुलाल उधळला, ट्रॅक्टरवर स्पीकर चढला, बायकांनी ओवाळलं. गुलालानं माखलेल्या आत्या ओट्यावर उभ्या राहून हसत होत्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यातच मिस्टरांचा फोन आला. "आपण पडलो," ते म्हणाले. "थोडक्यात गेलं. काकी आल्या निवडून."

मी फोन तसाच आत्यांच्या हातात दिला.

बातमी ओट्यावरून खाली उतरली तशी माणसं भडकली. "चॅनेलवर दाखवलंय म्हंजी आलोच व्हतो! आत कायतरी फिरवलं!" कुणी रस्ता अडवायचं म्हणालं, कुणी गाड्यांना किका मारल्या. मलाही तेच वाटत होतं. फोटोसकट दाखवलेलं खोटं कसं असेल?

आत्यांनी ट्रॅक्टरवरचा आवाज बंद करायला सांगितला. फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि सगळ्यांसमोर मुलाला विचारलं, "मोजताना तू म्होरं व्हतास?"

"व्हय."

"मशिनीवरचा आकडा सवता बघितलास?"

"बघितला, आई. दोघींचा बी."

"आन् ह्यो चॅनेलवाला कुठं व्हता?"

"गेटच्या भायेर. निस्तं नाव ऐकलं आन् तुझा फोटो लावला."

आत्या जमावाकडं वळून म्हणाल्या, "मी पडले. गाड्या बंद करा."

एकेक करून गाड्या बंद झाल्या. आत्यांनी ओवाळणीचं ताट उचललं, त्यात मूठभर गुलाल आणि पेढे घेतले आणि चालू लागल्या. मी मागोमाग निघाले.

आत्यांच्या जाऊबाईंच्या घराचं दार बंद होतं. ती बातमी त्यांनीही पाहिली होती, आणि घरातल्या माणसाचा शिरूरहून फोन अजून लागला नव्हता. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. रडून सुजलेले डोळे आत्यांच्या गुलालावर खिळले.

"जखमेवर मीठ चोळाया आल्या का, बाई?"

"तू आलीस निवडून," आत्या म्हणाल्या. "चॅनेलवाला चुकला. ह्यो गुलाल तुझा हाय."

त्यांना खरं वाटेना. त्या माझ्याकडं बघायला लागल्या, मी मान हलवली. तेव्हा त्या उंबऱ्यातच मटकन खाली बसल्या. आत्यांनी वाकून त्यांच्या कपाळाला गुलाल लावला, तोंडात पेढा घातला. मला एवढंच आठवतं, की तिथं उभ्या उभ्या मी डोक्यावर पदर घेतला.

चॅनेलनं संध्याकाळी नाव दुरुस्त केलं. चूक झाली असं कुठं म्हटलं नाही. पण तोवर गावात दोन्हीकडची पोरं एकाच ट्रॅक्टरवर नाचत होती.

आम्ही परतलो तेव्हा धारांची वेळ झाली होती. आत्या तशाच गोठ्यात गेल्या. गुलालाच्या वासानं गाय बुजली, कासेला हात लावू देईना. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत हळू आवाजात म्हणत राहिल्या, "अगं, मीच हाय. मीच हाय गं."

मी बादली धरून उभी होते. गाय शांत होईपर्यंत त्यांनी डोळे पुसले नाहीत.