चाळिशीत पुन्हा रेसिडेंट

नेरला माझं आठ खाटांचं प्रसूतिगृह होतं. अकरा वर्षं मी तिथे बाळंतपणं केली. एकोणचाळिसाव्या वर्षी मी ठरवलं की पुन्हा प्रवेश परीक्षा द्यायची, पुन्हा तीन वर्षं रेसिडेन्सी करायची, आणि या वेळी भूलशास्त्र शिकायचं. ज्यांनी मला वेड्यात काढलं त्यांत माझ्या घरचेही होते.

कारण एका दुपारी घडलं. जवळच्या तांड्यावरची एक मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. पाणी गेलं आणि बाळाच्या आधी नाळ खाली आली. अशा वेळी बाळाचं डोकं स्वतःच्याच नाळेवर दाबतं आणि त्याचा श्वास कोंडतो. काही मिनिटांत पोट उघडावं लागतं. माझ्याकडे टेबल होतं, दिवा होता, हात तयार होते. भूल देणारा माणूस नव्हता. आजूबाजूच्या तालुक्यांना मिळून एकच भूलतज्ज्ञ, सदुसष्ट वर्षांचे, यवतमाळहून स्वतः गाडी चालवत यायचे. ते त्या वेळी दिग्रसला दुसऱ्या ऑपरेशनमध्ये उभे होते. मला सुटायला तास लागेल, तू यवतमाळ गाठ, असं त्यांनी फोनवर सांगितलं.

अँब्युलन्समध्ये मी तिच्या स्ट्रेचरपाशी गुडघ्यांवर बसले आणि हात आत घालून बाळाचं डोकं नाळेवरून वर ढकलून धरलं. यवतमाळपर्यंत तो हात मी काढला नाही. बोटांना नाळेचे ठोके लागत होते. ते आधी मंद झाले, मग थांबले. त्यानंतरही मी हात काढला नाही.

आई वाचली. तिच्या सासूनं मला दोष दिला नाही. ती एवढंच म्हणाली, "बाई, तुमच्याजवळ तं समदं होतं. मंग इतक्या दूर काहून आणलं?"

एक डॉक्टर मैत्रीण म्हणाली, पाठीतली सुई तूच द्यायची होतीस, शेकडो वेळा पाहिली आहेस. पाहिली होती, खरंच. पण सुई दिल्यावर रक्तदाब कोसळला, श्वास अडला, तर तेव्हा माझे दोन्ही हात पोटात असतात. सुई टोचणं म्हणजे भूल देणं नव्हे, हे मला त्या अँब्युलन्समध्ये, हात अडकलेला असताना, जेवढं कळलं तेवढं कोणत्याही पुस्तकात कळलं नव्हतं. शिकायचं तर पुरतं शिकायचं होतं.

माझ्या बेताची बातमी त्या वयस्क भूलतज्ज्ञांच्या कानावर गेली तेव्हा ते मुद्दाम दवाखान्यात येऊन बसले. चहा घेतला आणि मला समजावू लागले. "पोरी, आयुष्यभर पेशंटनं माझं तोंड धड पाहिलं नाही. तो झोपला की माझं काम सुरू, जागा झाला की माझं काम संपलं. पेढे तुला मिळतात. तू उलटी कायले चालली?"

मी म्हणाले, "सर, तुम्ही थांबल्यावर इथे कोण येणार, ते सांगा. मी बेत सोडते."

ते उठले. जाताना मात्र त्यांनी गाडीतून आपली जुनी जाड पुस्तकं काढून टेबलावर ठेवली.

बाकीच्यांचा प्रश्न सोपा होता. भूल तू दिलीस तर सिझर कोण करील? मी सगळ्यांना एकच उत्तर देत गेले. गावात सिझर करणारे माझ्यासकट चार आहेत, भूल देणारा एकही नाही. चारातला एक तिकडे गेला तर तीन उरतात. हे गणित तिसरीतल्या पोरालाही येतं. तरी लोकांना पटायचं नाही, कारण त्यांच्या लेखी मी पायरी उतरत होते.

नवरा ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. त्यानं आठ दिवस अबोला धरला, नवव्या दिवशी विचारलं की मुलीच्या डब्याचं कसं करायचं. म्हणजे तो कबूल झाला होता. याडीला, म्हणजे माझ्या आईला, समजवायला तांड्यावर गेले. आमच्या तांड्यावरची मी पहिली डॉक्टर, आणि ती गोष्ट ती आल्यागेल्याला सांगायची. तिनं आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत विचारलं, तिथे तू मोठी असशील की लहान? सगळ्यात लहान, मी म्हणाले. तुरी निवडता निवडता ती म्हणाली की लहान व्हायला लाज वाटत नसेल तर जा.

सोळा वर्षांपूर्वी वाचलेलं सगळं पुन्हा वाचायला घेतलं. ओपीडी संपली की मधल्या खोलीत बसायचे. फॉर्म भरताना कळलं की आधी एक पदव्युत्तर पदवी असल्यामुळे काही जागांना मी पात्रच नाही. ज्यांना होते तेवढ्यांवर खूण केली. परीक्षा अमरावतीला होती. फाटकावरच्या वॉचमननं मला अडवलं. "पालकाईनं बाहेर थांबाचं हाय, बाई."

"पेपर माझाच आहे," मी म्हणाले आणि प्रवेशपत्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि बाजूला सरला. मागच्या रांगेतली पोरं हसली. हसू दिलं.

पहिल्या वर्षी नंबर इतका खाली आला की बेत सोडायचा सल्ला पुन्हा घरोघरून आला. मी दुसऱ्यांदा बसले. या वेळी नागपूरला एका मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली. दवाखान्याला कुलूप लावलं.

रुजू व्हायला गेले तेव्हा विभागप्रमुखांनी माझी कागदपत्रं वर-खाली केली. माझं वय विचारलं, चोवीस तासांची ड्यूटी झेपेल का म्हणून विचारलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "तुमच्याकडे एक पदवी आहे, स्वतःचं हॉस्पिटल आहे. एका तरुण मुलाची जागा अडवलीत तुम्ही."

हा आरोप मी स्वतःवरही केला होता, म्हणून उत्तर तयार होतं.

"तो मुलगा शिकून नेरला येणार असेल तर तसं लिहून द्यायला सांगा, सर. मी आत्ता जागा सोडते."

सरांनी सही केली आणि उद्या सातला या म्हणाले.

ती तीन वर्षं सुखाची होती असं मी म्हणणार नाही. माझी सीनिअर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती. चूक झाली की सगळ्यांसमोर बोलायची, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. सिरिंजवर औषधांची नावं लिहिण्यापासून सुरुवात केली. एकदा स्त्रीरोग विभागातला एक पोरगेला डॉक्टर टाके घालताना गोंधळला, माझे हात शिवशिवले, पण मी उशाशी उभी राहून मॉनिटर बघत राहिले. माझी जागा आता ती होती.

परत येऊन दोन वर्षं झाली. प्रसूतिगृह एका तरुण डॉक्टरीणबाईला चालवायला दिलं आहे. मी नेर, दारव्हा, दिग्रस असं फिरते. गावात बोलतात की मॅडमची प्रॅक्टिस बसली, म्हणून आता दुसऱ्यांच्या दवाखान्यांत झोपवत फिरतात. मागे बाजारात एक ओळखीच्या बाई हळहळून म्हणाल्या, "पहिले किती मान होता तुमचा."

मी त्यांना म्हटलं, "असेल." मग भाजीची पिशवी गाडीत टाकली आणि दिग्रसच्या रस्त्याला लागले. तिथे एक बाई सिझरसाठी थांबली होती, आणि त्या तांड्यावरच्या मुलीसारखं तिला कुठेही हलवायची गरज नव्हती.