कुंभकोणमला सूर्य मावळेना

चाळीसेक वर्षांपूर्वी, इंग्रजी अमलात, पुण्याच्या कॉन्व्हेंटात अंबू आणि मी रोज सकाळी शेजारी उभ्या राहायचो. संगीताच्या मिस डोरोथी आपला पोलादी सूरकाटा मेजावर टिचकन आपटून सूर द्यायच्या आणि आम्ही विलायतेच्या राजाचं गाणं म्हणायचो. अंबू त्यात हळूच भलतेच शब्द घुसडायची. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच अंबूनं यंदा कळवलं, "रामनवमीला माझं कीर्तन आहे, ये." निघालेच.

मद्रासला गाडी बदलली की पहाटे कुंभकोणम येतं. चैत्रात जाणार असाल तर सुती लुगडी आणि छत्री हवीच. अंबूच्या घरी पोचताच फेसाळती कॉफी, आणि जेवणात डांगरपच्चडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. तेवढ्यासाठीसुद्धा पुन्हा जाईन. अंबूचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी होते. घरातली मराठी अजून पोथीतल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी बसनं नाचियारकोविलला गेलो. तिथल्या समया पाहाव्यातच. ओतीव पितळेच्या, शेंड्यावर हंस. सकाळीच जा, दुपारी रस्ता तव्यासारखा तापतो. परतताना अंबू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"काय गं?"

"मिस उद्यां पुढें बसणार. साहेबाच्या फजितीचें पद गाऊं कीं नको?"

मिस डोरोथी निवृत्त झाल्यावर विलायतेला गेल्याच नव्हत्या. अंबूच्या आग्रहावरून इकडे आल्या, तिच्या शेजारच्या गल्लीत राहतात. एकट्याच.

"गाळून टाक," मी म्हटलं.

"अय्यो, लोक त्याचसाठीं येतात गे! पण तिला लागलें तर? आमच्यावांचून तिला इथें कोण आहे?"

रामनवमीला मांडव भरला. गोष्ट तमिळमध्ये, पदं मराठीत. अंबूनं मिसकडे एकदा पाहिलं आणि साहेबाला आणलंच: "आमच्या राज्यावर सूर्य मावळत नाही," अशी फुशारकी मारत तो चैत्रात कुंभकोणमला उतरतो. छत्री उघडतो. कोट उतरवतो. शेवटी हात जोडतो, "सूर्यनारायणा, आज तरी मावळ!" ही विनवणी तिनं बांधली होती शाळेतल्या त्या राजाच्या गाण्याच्याच चालीवर. पेटीवर पहिले सूर निघाले मात्र, आणि मी ताडकन उभी राहिले. हात सरळ, हनुवटी वर!

अख्ख्या मांडवात मी एकटीच उभी. लोक खो खो हसायला लागले. माझा पदर कुणीतरी खाली ओढला. मिस डोरोथी! त्या मांडी घालून बसल्या होत्या.

"बस गं पोरी," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "या चालीला उभी राहून राहून माझे गुडघे गेले. आता बसून ऐकू दे."

अंबूचं पद संपलं तेव्हा हसून हसून त्यांचा चष्मा ओला झाला होता. "पुन्हा!" त्या ओरडल्या. "आणि दुसऱ्या ओळीत सूर पडला, अंबुजा. सूर्याला विनवायचंय, वर चढ!"

अंबू चढली. वर्गात चढायची तशी.

आता घरी आले आहे. अजून ती चाल आठवली की आधी पाय हलतात, मग हसू येतं. सामान सोडते आहे, तेव्हा सांगून ठेवते. हंसाची समई धाकट्या जाऊबाईंना. कॉफीची पूड वन्संना, त्यांना चहा सोसत नाही. डांगराचं पीठ कुणाला नाही, माझं. आणि निघताना मिसनी हातात ठेवलेला सूरकाटा नातीला, सुमीला. सूर लावायला खुशाल घे बाळ, पण मांडी घालून.