रूपेशला बरं वाटतं तेव्हा

हिंदमाताला साड्यांची दुकानं कमी नाहीत. पण लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की परळ-लालबागच्या कितीतरी घरांतल्या बायका ठरवून हितेंद्रभाईंच्याच दुकानाची पायरी चढायच्या आणि चढता चढता विचारायच्या, "रूपेश आहे का?"

रूपेश घाडी आत गादीवर उभा असायचा. मिशीवाला, धिप्पाड गडी. साडी हातात आली की बघता बघता ती कमरेला गुंडाळायचा, निऱ्या पाडायचा, पदर खांद्यावर टाकून असा वळायचा की समोरच्या सासवा-सुना भांडण विसरायच्या. "ताई, मला एवढी शोभते, तर तुम्हाला किती शोभेल!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायका प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या.

दुकानातल्या माणसांना मात्र दोन रूपेश माहीत होते. एक हा, ज्याला झोप लागायची नाही, भूक लागायची नाही आणि जो बोलायला लागला की थांबायचा नाही. दुसरा आठवडेच्या आठवडे घोडपदेवच्या आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आई सोनूबाई म्हणायची, बापावर गेलाय. बायको अनुजा बालवाडीत शिकवायची, दिवसभर पंचवीस पोरांचे हट्ट सांभाळून यायची. ती म्हणायची, स्वभाव आहे, काय करणार. आणि रूपेश दोन्ही वेळा प्यायचा. डोकं पळायला लागलं की त्याला लगाम घालायला, आणि बसलं की उठवायला.

एका दिवाळीला, ऐन गर्दीत, कुणाच्या तरी लग्नाचा शालू अंगावर तसाच असताना तो दुकानाच्या पायरीवर आडवा झाला. हितेंद्रभाईंनी स्वतः टॅक्सी बोलावली. अनुजाने त्याला घरी नेलं नाही, सरळ व्यसनमुक्ती केंद्रात नेलं.

दारू सुटली. सुटताना जे व्हायचं ते सगळं झालं, घाम, थरथर, शिव्या, रडणं. बाहेर आल्यावर काळाचौकीच्या शाळेत संध्याकाळी भरणाऱ्या, दारू सोडलेल्यांच्या ग्रुपला तो जायला लागला. तिथे आनंदा परब भेटला. आनंदा त्याच्याहून वयाने मोठा, बरीच वर्षं दारूपासून लांब राहिलेला आणि मंडळाच्या मांडवात स्पीकर लावावा तशा आवाजात बोलणारा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "माझा नंबर घे. पाय तिकडे वळले की फोन लावायचा. बोलायला काय सुचलं नाय तर नुसता श्वास घे, मी ओळखतो."

पण दारू गेली तरी ते वर-खाली होणं गेलं नाही. उलट आता त्याला आडोसाच राहिला नाही. तेव्हा परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर दीपिका सामंतांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, की हा आजार आहे, बायपोलर म्हणतात त्याला; दारूच्या खाली तो बरीच वर्षं लपून बसला होता. गोळ्या रोज घ्यायच्या, मधून मधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, झोप सांभाळायची.

बाहेर आल्यावर अनुजा बाकड्यावर बसून रडली. रूपेश घाबरला. "अगं, बरा होणार म्हणाल्या ना?"

"म्हणूनच रडतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं तू मुद्दाम करतोस."

गोळ्यांनी लाटा खाली आल्या. पण तोंडाला कोरड पडायची, जीभ जड व्हायची, आणि हात कापायचे. हात कापले तर निऱ्या कशा पडणार? पहिल्याच आठवड्यात कांजीवरम त्याच्या कमरेवरून घसरून पायात आली. गिऱ्हाईक हसलं, पण हे हसणं त्याच्या ओळखीचं नव्हतं. हितेंद्रभाईंनी गोड बोलून त्याला मागे घड्या घालायला बसवलं. "थोडा आराम कर ने, रूपेश. तू कुठे पळून चाललास?"

त्यात ग्रुपमधला वैभव नावाचा एकजण चहा पिताना म्हणाला, "भावा, बाटली सोडली आणि गोळी धरली. नशा ती नशाच ना?" रूपेशला ते लागलं. त्याने अनुजाला सांगितलं नाही, आनंदाला सांगितलं नाही. रोजची गोळी तो बेसिनमध्ये टाकायला लागला.

आणि काय सांगावं, सुरुवातीचे दिवस बहारीचे गेले! जीभ सुटली, हात सरळ झाले. हितेंद्रभाईंनी त्याला पुन्हा पुढच्या गादीवर घेतलं. मग झोप उडाली. पहाटे पहाटे उठून त्याने जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर काढले आणि एकेकीला फोन केला, "ताई, रविवारी आपल्याकडे साडी महोत्सव आहे, सगळ्यांना घेऊन या!" रविवारी विरारपासून डोंबिवलीपर्यंतच्या बायका दुकानासमोर जमल्या. महोत्सवाची खबर नसलेले एकटे हितेंद्रभाईच होते. ते शटर अर्धं वर करून तसेच उभे राहिले. रूपेश मात्र फुटपाथवर स्टूल मांडून, एकावर एक तीन साड्या नेसून भाषण करत होता. बायकांना मजा वाटली, खरेदीही झाली. पण गर्दीत अनुजा उभी होती. तिने त्याचे डोळे बघितले आणि तिला कळलं.

संध्याकाळी डोकं इतकं पळायला लागलं की त्याला स्वतःचंच बोलणं सहन होईना. तो दुकानातून निघाला तो कोपऱ्यावरच्या बारच्या दारात जाऊन थांबला. आतून ओळखीचा गारवा आला. त्याने खिशातून फोन काढला आणि आनंदाला लावला. आणि नुसता श्वास घेत राहिला.

"कुठे आहेस?" आनंदा म्हणाला.

रूपेशने बारचं नाव सांगितलं.

"समोर उसाचं गुऱ्हाळ आहे. तिकडे जा आणि एक ग्लास मागव. संपला की दुसरा. मी येईपर्यंत पीत राहा."

आनंदा अनुजाला घेऊन पोचला तेव्हा रूपेश बाकड्यावर बसून चौथा ग्लास पीत होता आणि रसवाल्याला चरकावर कुठल्या रंगाचं कापड शोभेल ते समजावत होता. अनुजाला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिने त्याचा हात घट्ट धरला. "गोळ्या कुठे टाकल्यास?" "बेसिनमध्ये," तो म्हणाला. वैभवचं बोलणंही त्याने सांगून टाकलं.

आनंदा गुऱ्हाळभर ऐकू जाईल असा ओरडला, "माझ्या ब्लडप्रेशरची गोळी पण नशा काय रे? वैभव डॉक्टर कधी झाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही डॉक्टर दीपिकांसमोर बसले. रूपेशला वाटलं, आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. "बंद का केल्या?" एवढंच विचारलं.

"हात कापतात, मॅडम. माझं पोट हातांवर आहे."

"मग हे मला सांगायचं होतं. हातांसाठी काहीतरी करता येतं. आपण मात्रा बदलू, वेळ बदलू. पण आपल्या मनाने थांबवायचं नाही. भांडायचं असेल तर इथे येऊन माझ्याशी भांडा."

मग रूपेशने मनातलं विचारलं. "मॅडम, गोळ्या घेऊन मी आता कधी खूश नाही का व्हायचं? खूश झालो की आजार?"

डॉक्टर हसल्या. "अहो, आनंद हा आजार नाही. तुम्ही नीट झोपलात, जेवलात, दुसऱ्याचं बोलणं ऐकता येतंय आणि तरी खूश आहात, तर खुशाल खूश राहा."

पण हात लगेच सुधारले नाहीत. दोन महिने मात्रा इकडून तिकडे करण्यात गेले. वजन वाढलं, शर्टाची बटणं ताणली. पण थरथर हळूहळू बारीक होत गेली, आणि तो परत पुढच्या गादीवर आला. शेजारी पाण्याची बाटली घेऊन.

एका दुपारी शिवडी कोळीवाड्याच्या मीराबाई लेकीला घेऊन आल्या. मीराबाई मासळी बाजारात बसणाऱ्या, आवाज खणखणीत. लेकीचं नाव तेजस्वी; नवरी तीच, पण तोंड फुगवून मोबाइलमध्ये. मीराबाई एकामागून एक जरीच्या साड्या काढायला लावत होत्या. पूर्वीचा रूपेश असता तर त्याने मीराबाईंच्या वरताण बोलून दोघींना गार केलं असतं. पण तोंडाला कोरड पडली, म्हणून त्याने बाटली उघडली आणि तो सावकाश पाणी प्यायला. तेवढ्या शांततेत तेजस्वी पुटपुटली, "यातली एकपण नेसून नाचता येणार नाय."

रूपेशने बाटली खाली ठेवली. "काय म्हणालीस, ताई?"

"हळदीला सगळे नाचणार. आई पण नाचणार. आणि मी काय शोकेससारखी बसून राहू?"

"असं आधी बोलायचं ना!" त्याने जरीचा ढीग बाजूला सारला, मागच्या कपाटातून हलक्या रेशमाची, बारीक काठाची हळदी रंगाची साडी काढली आणि निऱ्या पाडल्या. हात किंचित हलला, निऱ्या मात्र सुटल्या नाहीत. पदर त्याने कमरेत खोचला आणि स्वतः गिरकी घेऊन दाखवली. "आता तू. नाचून बघ, मग घे."

तेजस्वी आधी लाजली, मग तिने साडी गुंडाळून दोन पावलं टाकली, मग चार. मीराबाईंना राहवेना. त्या गादीवरून उठल्या आणि लेकीसमोर कमरेवर हात ठेवून अशा काही नाचल्या की बाजूच्या गिऱ्हाइकांनी टाळ्या धरल्या. हितेंद्रभाई गल्ल्यावरून म्हणाले, "अरे, दुकान आहे की मांडव?" आणि तेही टाळ्या वाजवायला लागले.

त्या संध्याकाळी रूपेश येताना बांगडे घेऊन आला. मोरीत बसून ते साफ करता करता तो गायला लागला, पूर्वी भजनी मंडळात म्हणायचा तसा गजर, खुल्या गळ्याने. पहिली ओळ संपायच्या आत अनुजाचं लाटणं थांबलं. सोनूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "झिला," त्या हळूच म्हणाल्या, "गोळी खाल्लंस मां?"

"खाल्ली, आये."

अनुजा मोरीच्या दारात आली. त्याच्याकडे बघत उभी राहिली. "काल किती झोपलास?"

"तूच सकाळी हलवून उठवलंस ना."

"जेवलास दुपारी?"

"डबा रिकामा आहे, बघ." मग त्याने तिला मीराबाईंचा नाच सांगितला, हातात अर्धा साफ केलेला बांगडा धरून करूनही दाखवला. सांगताना तो मध्येच थांबला आणि त्याने तिला विचारलं, "तुझा दिवस कसा गेला?"

अनुजा हसायलाच लागली. "म्हणजे नुसता खूशच आहेस की रे तू!"

"चालतं ना?"

"चालतं रे बाबा," ती म्हणाली आणि तिने त्याच्या ओल्या, खवल्यांनी भरलेल्या मनगटावर हात ठेवला.

"गातंस तर गा," आतून सोनूबाई म्हणाल्या, "पण आधी मासे तव्यार टाक. माका भूक लागली हा."

रूपेशने पुढची ओळ उचलली. भिंतीपलीकडून शेजारच्या तात्यांनी डब्यावर ठेका धरला, आणि अनुजा पोळी लाटता लाटता बेसूर आवाजात मागून म्हणायला लागली.