बगॅसच्या ढिगावर स्की

इस्लामपुरातल्या एका हायस्कुलात मी सोळा वर्षं भूगोल शिकवते. हिमनदी, हिमरेषा, हिमस्खलन हे शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिले असतील, पण चाळिशी येईपर्यंत मी डोळ्यांनी पाहिलेला सगळा बर्फ रसवंतीतल्या लादीचा. मग एका हिवाळ्यात साठवलेली रजा काढून काश्मीरला गेले आणि चौदा दिवसांचा स्कीचा कोर्स केला. तिथं भाड्याचे बूट मिळाले. एक जरा मोठा, एक जरा लहान. परत आले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती आणि मी ठरवून टाकलं होतं, की पुढच्या वर्षी स्की घालूनच डोंगर चढायचा आणि पलीकडं उतरायचा.

निघताना प्रशिक्षकांनी एकच गोष्ट सांगितली होती, "मॅडम, आधी बूट घ्या. पायात घालून बघून घ्या. बाकी सगळं नंतर."

मी बरोबर उलटं केलं. सुट्टीत मोबाइलवर पुण्यातल्या एका गृहस्थांची जाहिरात दिसली. स्की, बूट, बूट अडकवायच्या पकडी, चढताना मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या, ज्यांना स्किन म्हणतात, असा सगळा संच एकत्र. बूट माझ्याच मापाचे. फोनवर ते म्हणाले, "दहा-बारा वर्षं नुसतं माळ्यावर पडून आहे, मॅडम. एकदम नवं." या वाक्यातला धोका मला तेव्हा कळला नाही.

सामान एसटीनं आलं. स्टँडवरच्या हमालानं ते लांबुडकं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "ठिबकचं हाय का?" मी म्हटलं, शाळेचं आहे. खरं सांगायला बसले असते तर पुढची बस चुकली असती, माझी नाही, त्याची.

घरी मला भीती होती ती मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. नोकरीतली काही वर्षं बर्फात गेली होती, पण त्याविषयी ते कधी बोलत नसत. मला वाटलं, जाऊ नको म्हणतील. ते फक्त म्हणाले, "काय काय घेतलंस ते मांड."

अंगणात ताडपत्री अंथरून मी सगळं ओळीनं मांडलं. मामंजी हात मागं बांधून ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग त्यांनी माझ्या नवऱ्याचे मोटरसायकलवरचे हातमोजे मागवले, स्वतः घातले आणि एकेक वस्तू उघडायला लागले. टॉर्चचं बटण त्यांना सापडेना. टॉर्च बाजूला गेला. थर्मासचं झाकण उघडलं, पण लागेना. थर्मास बाजूला गेला. जाकिटाची चेन दहा वेळा वरखाली केली, अकराव्यांदा ती अडकली.

"हातमोजं घालून जे उघडत न्हाई," ते म्हणाले, "ते उघडतच न्हाई म्हणायचं."

बुटांपाशी ते बराच वेळ थांबले. टाच दाबली, कड्या ओढल्या. मग म्हणाले, "आठ दिवस हे घालून घरात फिर. काय दुखायचं ते हितं दुखू दे."

सासूबाईंचा नियम असा, की स्वैपाकघरात पायताण चालत नाही. त्यांनी दोन्ही बूट बंबाच्या पाण्यानं तळापासून धुऊन घेतले आणि मगच मला आत घेतलं. स्कीच्या बुटाच्या कड्या आवळल्या की माणूस आपोआप गुडघ्यात वाकतो, त्यामुळं भाकरी थापायला ते बरेच सोयीचे निघाले. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, माझ्या पायांकडं बघून हळूच सासूबाईंना म्हणाल्या, "हाड मोडलंय व्हय?" सासूबाई म्हणाल्या, "अजून न्हाई."

तिसऱ्या दिवशी उजव्या घोट्यापाशी करकर वाजायला लागलं. बारीकशी रेघ दिसली. बूट पिशवीत घालून मी स्टँडजवळच्या चाचांकडं गेले. चाचा गाड्यांची सीट-कव्हरं आणि ताडपत्र्या शिवतात, पण तालुक्यातलं जे काही फाटतं ते फिरून त्यांच्याच दुकानात येतं. त्यांनी चष्मा वर सरकवला, बुटाला नखानं टिचकी मारली, कान लावला.

"बाई, ह्यो बूट म्हातारा झालाय."

"वापरलेलाच नाही, चाचा."

"प्लॅस्टिक बसून बी म्हातारं हुतं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघा, कुणी हात लावत न्हाई, तरी एक दिवस बोट लावलं की तडकतं. मी पट्टी मारून दीन, पर भरवसा देनार न्हाई."

मला राग आला. सीट-कव्हर शिवणाऱ्यानं युरोपात बनलेल्या बुटाला म्हातारा म्हणावं हे मला रुचलं नाही. घरी येऊन मी मामंजींना तसं बोलूनही दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "मग मोडून बघू. हितं मोडला तर रिक्षानं घरला येता येतंय."

प्रश्न होता उताराचा. आमच्या भागात सगळी जमीन पाटासारखी सपाट, उसानं भरलेली. मामंजींनी त्यावर तोड काढली. साखर कारखान्यावरचे सुरक्षा अधिकारी त्यांच्या जुन्या पलटणीतले. हंगाम सुरू झाला होता आणि उसाचा रस काढून उरलेल्या भुशाचा, बगॅसचा, दोन मजली ढीग कारखान्यामागं उभा होता. रविवारी सकाळी एक तास परवानगी मिळाली, ढिगाच्या जुन्या, दबलेल्या बाजूनं.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती. मी पायात स्की अडकवल्या, स्किन चिकटवल्या आणि चढायला लागले. चढणं झकास जमलं. मागं अजिबात घसरत नव्हते. खाली एका ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं. मग दुसऱ्यानं केलं. वर पोचले तेव्हा सगळी रांग गप्प होती.

स्किन काढून मी कड्या आवळल्या, वळले आणि उताराला तोंड केलं. काही झालं नाही. बगॅसवर स्की घसरत नाही हे मला तिथं कळलं. मी पुढं झुकले. आणखी झुकले. मग सुका बांबू फुटावा तसा आवाज झाला, उजव्या बुटाचे घोट्यात दोन तुकडे झाले आणि मी डोकं खाली करून बाजूच्या मोकळ्या भुशात घुसले.

कमरेपर्यंत रुतले होते, म्हणून खालचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला, "आवं मॅडम, उतरायला मागनं वाट हाय."

मामंजी सावकाश चढून आले. माझ्याकडं न बघता आधी बुटाकडं बघितलं, तुकडा उचलला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नापास." मग ते हसायला लागले. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण त्यांना असं पोट धरून हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. स्किनच्या डिंकात अडकलेला भुसा मी पुढं आठवडाभर भुवयांच्या चिमट्यानं उपटत होते.

दुसऱ्या दिवशी चाचांना जाऊन सांगितलं. 'मी म्हटलंच होतं' असं ते म्हणाले नाहीत. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून त्यांनी हातभर लांबीच्या दहा पट्ट्या कापल्या, टोकाला कडी बसवली आणि दिल्या. "कायबी तुटलं तर बांदायला. रबर धडधाकट हाय, मी बघितलंय."

पुण्याच्या संचात एक बीकनही होता, अंगावर बांधायचं, सतत संदेश सोडणारं छोटं यंत्र. हिमस्खलनात माणूस गाडला गेला तर दुसऱ्याच्या बीकनवर त्याचा ठाव लागतो. संध्याकाळी झाडांना पाणी घालता घालता मामंजींनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला.

"ह्यो जुना नको," ते म्हणाले. "नवा घे. आमच्याकडं तवा असलं काय नव्हतं. आमी काठ्या खुपसत हुतो बर्फात."

"किती वेळ?"

"अंधार पडस्तोवर."

मी विचारू की नको म्हणून थांबले. तेच म्हणाले, "दुसऱ्या दिवशी गावला." आणि पाइप घेऊन पेरूच्या झाडाकडं गेले.

मी नवा बीकन घेतला. सांगलीत दातांचा दवाखाना चालवणारी माझी मैत्रीण बरोबर येणार होती, तिनंही घेतला. मग दर रविवारी ती आमच्याकडं यायची आणि मामंजी नांगरलेल्या वावरात तिचा बीकन पुरून घड्याळ लावायचे. पहिल्या रविवारी मी वावरात गोल गोल फिरत राहिले, कारण खिशातल्या मोबाइलमुळं यंत्राचे आकडे नुसते नाचत होते. मामंजी बांधावर उभे होते.

"माणूस गेला तुमचा," ते म्हणाले. "च्या घ्या. परत शोधा."

सहाव्या रविवारी मी तो वेळेत शोधला. त्या दिवशी चहाबरोबर भजी होती.

बूट शेवटी प्रशिक्षकांनी सांगितले तसेच घेतले. मोहिमेच्या दोन दिवस आधी डोंगराच्या पायथ्याला पोचून दुकानात बसले, पातळ मोजे घालून नऊ जोड चढवून बघितले, प्रत्येकाच्या कड्या हातमोजे घालून उघडल्या आणि लावल्या. दुकानदार वैतागून म्हणाला, "मॅडम, आप फौज में हो क्या?" मी म्हटलं, "मैं नहीं, ससुरजी." त्यानं निमूटपणे दहावा जोड काढला. तोच बसला.

चढाईच्या तिसऱ्या दिवशी खिंडीच्या अलीकडं मैत्रिणीच्या एका स्किनच्या डिंकावर बर्फ बसला आणि ती चिकटेनाशी झाली. तिचं सगळं सामान नवंकोरं, परदेशातून मागवलेलं. आम्ही चाचांच्या चार पट्ट्या स्कीभोवती आवळून बांधल्या आणि ती त्यावर खिंडीपर्यंत चढली. बरोबर आलेल्या प्रशिक्षकांनी वर पोचल्यावर पट्टी ओढून बघितली आणि कुठं मिळते म्हणून विचारलं. पलीकडं उतरताना मी सात वेळा पडले. बूट शाबूत राहिले, नखंही.

परत आल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी शनिवारी मुलांसमोर बोलायला लावलं. मी अर्धा तास बोलले. बूट कसे निवडायचे, बीकन नवाच का, लोकर भिजली तरी ऊब का देते. मुलं शांत ऐकत होती. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तर आठवीतली एक मुलगी उठली.

"बाई, एवढं सगळं अंगावर घातल्यावर लघवीला कसं जायचं?"

सगळी मुलं हसली, मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण इतक्या माणसांना इतकं विचारून हेच एक विचारायचं माझ्याकडून राहिलं होतं, आणि त्याची शिक्षा मी पहिल्या दिवशी वाऱ्यात भोगली होती. मी खडू घेतला आणि फळ्यावर विजारीचं चित्र काढलं. "चेन बाजूनं, कमरेपासून गुडघ्यापर्यंत," मी सांगितलं, "आणि ती हातमोजे घालून उघडते का ते दुकानातच बघायचं."

मागच्या बाकांवरच्या मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं.