सुमीचं जावळ आणि पातळ पात्याचा वस्तरा

चहा घ्या, गार होतोय. मी सांगते, पण एका अटीवर. हसायचं ते शेवटी हसा, मधे नको. मधे कुणी हसलं की मला रडू येतं, आणि ही गोष्ट आठवली की मला अजून निम्मं रडूच येतं.

सुमीला तिसरं लागणार होतं आणि घरात तिच्या जावळाचं चाललं होतं. माझी झोप तेव्हाच उडाली. जावळामुळे नाही हो, ग्यानबाच्या वस्तऱ्यामुळे. ग्यानबा म्हणजे आमच्या गावचा न्हावी. त्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, एकच वस्तरा, काळा, जाड पाठीचा, पाचरीसारखा. तो सकाळी कुणाच्या दाढीवर चालायचा, मग नायटा भरलेल्या एखाद्या डोक्यावर, आणि दोन्हींच्या मधे धोतराला पुसला की ग्यानबाच्या हिशेबी स्वच्छ झाला.

मी पडले पैनगंगेच्या पलीकडची, वऱ्हाडातली. सातवी पास. मासिकात जंतूंविषयी वाचलेलं. ते जंतू मला त्या वस्तऱ्यावर पंगतीला बसल्यासारखे दिसायचे. त्यात पोरीचं डोकं. जखम झाली आणि तिथे केस उगवलेच नाहीत तर? डोळे मिटले की सुमी लग्नाची झालेली दिसे, पाहुणे बघायला आलेले, आणि पदर जरा सरकला की डोक्यावर रुपयाएवढा चट्टा.

शेवटी मी सासूबाईंपाशी विषय काढला. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

"आत्याबाई, जावळाला घरचा नवा वस्तरा आणू या का?"

"काहून?"

"ग्यानबाकाकांचा स्वच्छ नसतो."

त्यांनी डाळ निवडणं थांबवलं नाही. "तुज्या नवऱ्याचं जावळ त्याच वस्तऱ्यानं निघालं. माज्या दिराचंबी त्याच्यानंच. कोन मेलं?"

कुणी मेलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं. मी गप्प उभी राहिले. गप्प उभं राहणं मला चांगलं जमतं; त्याला लोक हट्ट म्हणतात.

"आन बाई नवा," त्या म्हणाल्या. "तुज्या मनाला तकलीफ नको. पर एक ध्यानात धर. पोरगी एकदा मामाच्या मांडीवर बसली की डोकं पुरं झाल्याबिगर उठायची न्हाई. अर्ध्या डोक्यानं उठली तर मी देवीला काय तोंड दाखवू?"

झालं. आता जंतूंच्या जोडीला देवीही माझ्या उशाशी येऊन बसली.

गाडी जुंपून आम्ही हिंगोलीच्या बाजाराला गेलो. कात्र्या, चाकू, वस्तरे विकणारं दुकान सापडलं. आमचे हे पायरीखालीच थांबले आणि बैलांकडे अशा काही काळजीनं बघू लागले, की वस्तरा घ्यायला आलेल्या बाईशी ह्यांचा काही संबंध असेल असं कुणाला वाटू नये.

म्हाताऱ्या दुकानदारानं माझ्यापुढे दोन वस्तरे ठेवले. एकाचं पातं पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत गेलेलं, जड, बोजड. ग्यानबाच्या वस्तऱ्याचा शहरात राहणारा भाऊच. दुसऱ्याचं पातं दोन्ही अंगांनी पोटात कोरून काढलेलं, धारेपाशी येईतो कागदाइतकं पातळ. त्यानं त्यावर नख मारलं. टिंग, असा आवाज आला.

"कायके वास्ते होना, बाई? चेहरे के वास्ते, के सिर के वास्ते?"

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होते? कपाळाला एवढं कुंकू, हातभर बांगड्या, आणि भर बाजारात परक्या माणसाला सांगू, डोकं भादरायला वस्तरा द्या? आपल्यात सवाष्णीनं डोकं आणि वस्तरा हे दोन शब्द एका दमात काढायचे असतात का? तेही नवरा पायरीखाली धडधाकट उभा असताना? लेकराचं डोकं म्हणून सांगता आलं असतं, हे आज सुचतं. तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती.

"चेहरे के वास्ते," मी म्हणाले.

"तो ये बारीक लेव. गालपे फूल के माफिक चलता. वो मोटा सिर का है."

ऐकलं मी. शब्दन् शब्द ऐकला. आणि बारीक घेऊन खाली उतरले.

परतीच्या वाटेवर मी मनाची समजूत घालत होते. घरी विळ्या दोन. जाड पात्याच्या विळीवर कोथिंबीर चिरली तर चेंगरते. तिला पातळ पातंच हवं. जाड विळी ती भोपळ्याला. बरं, सुमीचे केस कसे? कोवळ्या कोथिंबिरीसारखे. म्हणजे पातळ पातंच योग्य. इतका बिनतोड विचार मी सातवीच्या परीक्षेतही केला नव्हता. कोथिंबिरीखाली भोपळा असतो, एवढंच माझ्या ध्यानात आलं नाही.

तरी मी बेसावध नव्हते हं. वस्तऱ्याची परीक्षा ह्यांच्या दाढीवर घ्यायची ठरवली.

"आधी माझा गळा, मग पोरीचं डोकं," हे म्हणाले. "बरा क्रम लावलास."

ग्यानबाला बोलावलं. त्यानं नवा वस्तरा चालवला आणि ह्यांचा गाल लोण्यासारखा झाला. हे दिवसभर हनुवटीवरून हात फिरवत होते.

"लई भारी माल हाय, बाईसाब," ग्यानबा म्हणाला. "हात लावला की पळून राहिला."

मला धीर आला. इतका आला, की मी त्याला बजावून सांगितलं, "ग्यानबाकाका, जावळाच्या दिवशी धोकटी घरीच ठेवायची. त्यातली एक वस्तू अंगणात यायला नको."

"बिगर धोकटीचा न्हावी?" त्याचा चेहरा उतरला. "लोक म्हनतील, ग्यानबा नुसता जेवायलाच आला."

जावळाच्या दिवशी वाशीमहून माझा भाऊ अण्णा आला. तो कचेरीत कारकून, म्हणून खास पाटलोण आणि कमरेला चामडी पट्टा. सुमीला मांडीवर घेऊन पाटावर बसला. पुरण शिजलेलं, अंगण बायांनी भरलेलं. ग्यानबानं केस भिजवले आणि पहिला हात मारला.

दुकानात नखानं वाजणारं ते पातं डोक्यावर जे सुरू झालं, ते थांबेचना. सुंईईई. केसागणिक. सुमीनं झटकन मान वळवली. ग्यानबानं हात वर घेतला. पुन्हा टेकवला, पुन्हा सुंईईई, पुन्हा तिची मान वळली.

"बाईसाब, पातं वाकून राहिलं."

"दाबू नका."

"न्हाई दाबलं तर केस निघत न्हाई."

"मग थोडं दाबा."

"थोडं दाबलं की वाकून राहिलं."

असं करत करत डावी बाजू निघाली. तोवर ग्यानबा घामानं भिजला, आणि धार मंदावली. त्याची धार लावायची चामडी पट्टी होती धोकटीत, आणि धोकटी होती माझ्या हुकमानं घरी. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि अण्णाच्या कमरेवर त्याची नजर थांबली.

अण्णानं पट्टा सोडून दिला. ग्यानबा सवयीनं, त्या जुन्या जाड वस्तऱ्याच्या ताकदीनं, सपासप घासू लागला. तिसऱ्या-चौथ्या हाताला पातं पट्ट्याच्या बकलाला लागलं. पुन्हा टिंग. धारेला दातासारखी खाच पडली.

अण्णा एका हातानं भाची आणि दुसऱ्या हातानं पाटलोण धरून बसलेला. त्याला उठता येईना ते दोन्ही कारणांनी. सुमीचं डोकं डावीकडे अंडं, उजवीकडे जंगल. ग्यानबा धोकटी आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला पळाला. आत्याबाई आभाळाकडे बघत होत्या. मला वाटलं, देवीशी बोलत असाव्यात, माझ्याविषयी.

आणि तेवढ्यात सुमीनं भोकाड पसरलं.

मी तिचं अर्धं डोकं बोटांनी चाचपलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. "दुखलं का गं? भ्यालीस का? वाईट्ट आहे ना तो वस्तरा?" ती हात पुढे करून करून रडायला लागली. मारायचंय तिला त्याला, असं मला वाटलं. "थांब हं. आई त्याला शिक्षा करते." मी तो वस्तरा उचलला, तिच्या डोळ्यांदेखत परसातल्या आडाशी गेले आणि आत टाकून दिला.

ती दुप्पट रडायला लागली.

"त्या आडाचं पानी आपन पितो," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"माझी दाढी छान होत होती," हे म्हणाले.

ग्यानबा धोकटी घेऊन आला. मी त्याचा काळा वस्तरा उकळत्या पाण्यातून काढला, म्हणजे मलाही काहीतरी केल्यासारखं वाटावं. तो बोजड वस्तरा पोरीच्या डोक्यावरून आपल्या वजनानंच उतरत गेला. आवाज नाही, काही नाही. सुमी फुरंगटून, खाली बघत, मूर्तीसारखी बसून राहिली. पोरगी मामाच्या मांडीवरून उठली ती पुऱ्या डोक्यानं. आत्याबाईंनी नव्या कापडात केस गोळा केले आणि इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ते जास्त लागलं.

निदान लेकराच्या मनातली भीती तरी काढावी म्हणून मी सुमीपुढे बसले. तिच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"बघ, हा वस्तरा किती शहाणा. ओरडलासुद्धा नाही. आता भीती नाही ना वाटत?"

तिनं माझा हात बाजूला केला. परसाकडे बघितलं. ओठ पुन्हा थरथरायला लागले.

"त्यो गानं म्हनत व्हता," ती म्हणाली. "मी त्याला बघून राहिली व्हती. तू त्याला आडात काहून टाकलं?"