खंडेनवमीचा पंप

आज खंडेनवमी. वर्तकनगरमधल्या आमच्या इमारतीखालच्या गॅरेजमधून झेंडू आणि ग्रीसचा मिसळलेला वास वर आला. टीव्हीवर विकसनशील देशांच्या नव्या आघाडीची चर्चा चालली होती. मला कोलशेतचा पंपांचा कारखाना आठवला.

खूप वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका देशाचे मुख्य अभियंते ऑर्डर देण्याआधी तिथे पंप पाहायला आले होते. ही ऑर्डर हुकली तर कारखाना बंद पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी दोन देशांच्या मैत्रीची बातमी करायला गेलो होतो. नेमकी खंडेनवमी, पंपाला हार घातलेला.

"दामूदादा, पाचच मिनिटं चालवा हो," मॅनेजर काकुळतीला आले.

"पूजा झालीय, सायेब. आज मशीनला हात लावायचा नाय," फोरमन दामूदादा म्हणाले. "पावन्यांना सांगा, उद्या या."

पाहुण्यांनी पेढा खाल्ला आणि ते हसत म्हणाले, "तुमच्या देवाला घाई नाही, माझ्या विमानाला आहे." संध्याकाळी ते शांघायला गेले. ऑर्डरही तिकडेच गेली.

तेव्हा मला दामूदादांचा राग आला होता. त्यानंतर अशा मैत्रीच्या बातम्या इतक्या लिहिल्या, की आता वाटतं, पंप चालला असता तरी फरक पडला नसता. ऑर्डर कुणाला द्यायची, हे पाहुणे बहुधा आधीच ठरवून आले होते.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा कारखान्यात गेलो. दामूदादांनी पंप सुरू केला. पाण्याचा जाड लोट हौदात कोसळू लागला.

"बघा, आवाज तरी करतो का?" ते म्हणाले.

बघायला मी एकटाच होतो.