कालवणवाल्या आणि वरणवाल्या

मी ट्रेनिंग कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा हातात सर्टिफिकेट नव्हतं. किस्से मात्र इतके, की पापडी गावात आमच्या ओट्यावर बसलं की मैत्रिणी म्हणतात, "चल, सुरू कर!" थोर माणसं सुधारत नाहीत, त्यामुळे माल संपत नाही.

आधी व्यवस्था सांगते. वसईत मुलींना शिक्षिका करणारं आमचं कॉलेज. वसतिगृहात खानावळी दोन: एक वरणभाताची, दुसरी माशांच्या कालवणाची. बास्केटबॉलचे संघही तसेच. जी ज्या खानावळीत जेवते, ती त्या संघाची. हा नियम संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचा. आगाशीचे बागायतदार. त्यांची पुतणी सुमती वरणवाल्यांची कॅप्टन. आणि दर वेळी जिंकायचो आम्ही कालवणवाल्या, कारण आमच्यात पाचूबंदरची फिलू होती. उंच, हाडापेराने मजबूत, वडिलांसोबत जाळं ओढलेली.

"एकतर्फी सामने बघवत नाहीत," भाऊसाहेब म्हणायचे. "बरोबरी हवी."

फिलू हरली असती तर त्यांना बरोबरी दिसली असती!

*

पहिला उपाय केळ्यांचा. भाऊसाहेबांनी स्वतःच्या वाडीतले घड वरणवाल्यांना धाडले. सकाळी केळी, दुपारी केळी, मॅचच्या आधी दुधातून केळी. हाफ टाइमला त्यांच्या दोघी पोट धरून मैदानातच बसल्या. नेहमीपेक्षा मोठ्या फरकाने हरल्या.

भाऊसाहेब आमच्या प्राचार्य मोठ्या बाईंना म्हणाले, "केळी कमी पडली!"

*

मग त्यांना मर्यादा आठवली. फ्रॉक बंद, सगळ्यांनी लुगडं नाहीतर साडी नेसून खेळायचं. नियम दोन्ही संघांना सारखा.

आमच्या कोळणींनी लुगडी गुडघ्यावर घट्ट खोचली आणि बंदरावर निघाल्यासारख्या मैदानात उतरल्या. वरणवाल्या पाचवारी गोल नेसून आल्या. सुमती पहिल्याच धावेत निऱ्यांत अडकून पडली. पडल्या पडल्या ओरडली, "काका, तुम्ही एकदा नेसून पळून दाखवा!"

दुसऱ्या दिवशी फ्रॉक परत.

*

शेवटी भाऊसाहेबांनी शिट्टी स्वतःच्याच गळ्यात घातली. खेळाच्या बाईंना म्हणाले, "तुम्ही बसा." फिलूने उडी मारली की शिट्टी!

"फाऊल कसला?" फिलूने विचारलं.

"मुलीच्या जातीने एवढं उडू नये."

"मग बास्केटचं कडं खाली आना, भाऊसाहेब!"

मैदान हसलं. खेळाच्या बाई पदराआड हसल्या. त्यांना नोकरी टिकवायची होती.

*

त्या वर्षी जिंकणारा संघ मुंबईच्या मोठ्या कॉलेजांशी खेळायला जाणार होता. फिलूच्या बापाने तिला सांगून ठेवलं होतं, "मुंबईला खेळलीस तर पुढचं वरीस शीक. नाय तर लगीन."

हे कळल्यावर भाऊसाहेबांनी फिलूला वरणाच्या खानावळीत हलवलं. म्हणजे ती त्यांच्या संघाची! फिलू गेली. जिंकलो की मुंबई, एवढाच तिचा हिशेब. रात्री मला म्हणायची, "आजाऱ्याचं जेवान हाय गं ते."

सामना झाला. फिलूने आम्हाला धुऊन काढलं. वरणवाल्या जिंकल्या, भाऊसाहेबांनी भाषण ठोकलं, "आज समतोल साधला!"

दुसऱ्या सकाळी त्यांनी फिलूला बोलावलं. "तुझं काम झालं. आता आपल्या खानावळीत परत जा."

"आनि मुंबई?"

"मुंबईला वरणवाल्यांचा संघ जाईल. नियम तुला ठाऊक आहे."

दुपारी फिलू ताट घेऊन आमच्या पंगतीत येऊन बसली. कालवण वाढलं, तरी हात लावीना. भाऊसाहेब मोठ्या बाईंना घेऊन पाहणीला आले होते, ती नीट परत आली का ते बघायला.

तेवढ्यात दारात सुमती. हातात ताट. तिच्यामागे ताटं घेऊन अख्खा वरणवाल्यांचा संघ. एकेक जण येऊन आमच्या ओळीत बसली. जन्मात मासळी न शिवलेल्या सुमतीने ताट पुढे केलं. "मावशी, रस्सा थोडाच घाला."

"सुमे! काय चाललंय हे?"

"जेवतोय, काका," सुमती म्हणाली. "तिकडच्या खानावळीत आता कुणीच उरलं नाही. मुंबईला तुम्ही जाताय का?"